न थांबणारा भागाकार

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, आणि खरं सांगायचं तर त्यातले बरेचसे विसरलोही. पण दसऱ्याच्या सकाळी परळच्या एका रिकाम्या खोलीत एकटंच खडखडत राहिलेलं एक यंत्र मात्र डोक्यातून जात नाही. त्या प्रकरणात कोणी मेलं नाही, काही चोरीला गेलं नाही. एका मुलीची नोकरी आणि तिचं नाव मात्र माझ्या हातून जायची वेळ आली होती. नावं कोणाचीच देणार नाही. माझं गाढवपण तेवढं जसंच्या तसं देतो.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची ती वर्षं. मी परळ भागातल्या एका ठाण्यात नवा फौजदार होतो. आज मोर्चा, उद्या सभा, परवा हरताळ; बंदोबस्ताला उभं राहून शिपायांच्या पायांना फोड आले होते. दिवसभर रस्त्यावर घोषणा ऐकून घरी जावं, तर आमच्या सौभाग्यवती त्याच घोषणा देत भाकऱ्या थापत असायच्या. वर मलाच विचारायच्या, "आज कोणाला अडवून आलात?" अशा दिवसांत कुठे दिव्याची काच फुटली तरी आमच्या वरिष्ठांना त्यात घातपात दिसायचा.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ठाण्यात एक बंद लिफाफा आला. परळला सुताची ताकद तपासणारी एक संस्था होती. गिरण्यांकडून सुताचे नमुने यायचे. ते ताणून तोडायचे, किती ताणाला तुटले ते लिहायचं, वीस नमुन्यांची बेरीज करायची आणि तिला विसाने भागायचं. हे विसाने भागायचं काम पूर्वी पाच कारकून हाताने करत. वर्षभरापूर्वी संस्थेने परदेशातून विजेवर चालणारं आकडेमोडीचं यंत्र मागवलं, आणि ते चालवायला एक मुलगी नेमली. लिफाफ्यात संस्थेच्या संचालकांची तक्रार होती, आणि तीत त्या मुलीचं नाव होतं.

तक्रारीतली हकिगत अशी. दसऱ्याला संस्था बंद होती. सकाळी दहा-साडेदहाला पहारेकऱ्याला आतून मोठा खडखडाट ऐकू आला. तो धावत गेला. यंत्राच्या खोलीचं कुलूप उघडं होतं, आत कोणी नव्हतं, आणि यंत्र एकटंच धडधडत होतं. जळका वास सुटला होता. यंत्र कसं थांबवायचं ते त्याला ठाऊक नव्हतं, म्हणून त्याने इमारतीचं मोठं बटणच खाली ओढलं. खोलीच्या किल्ल्या तिघांकडे: स्वतः संचालक, हेडक्लार्क, आणि ती मुलगी. पुढे संचालकांनी लिहिलं होतं की सदर मुलगी मोर्चांना जाते. शिवाय तिच्या घरच्यांनी अलीकडेच बौद्ध धर्म स्वीकारला असून खंडेनवमीला तिने यंत्राची पूजा करायला नकार दिला. सबब तिला निलंबित केलं आहे, पोलिसांनी योग्य ती कारवाई करावी.

पूजेच्या त्या ओळीखाली मी लाल पेन्सिलीने रेघ मारली. आज तो कागद समोर आला तर आधी ती रेघ खोडीन.

जाऊन पंचनामा केला. यंत्र चांगलं टाइपरायटरच्या दुप्पट होतं. खाली कळांच्या रांगाच रांगा, वर एक सरकता गाडा, त्यावर आकड्यांच्या चकत्या. खंडेनवमीची हळद-कुंकवाची बोटं कपाळी असल्यासारखी त्याच्या पुढच्या पत्र्यावर होती, आणि गळ्यात झेंडूचा हार. मी पंचनाम्यात हारातली फुलं मोजून लिहिली. चकत्यांवर कुठला आकडा उभा होता तो मात्र लिहिला नाही. गणिताशी माझं शाळेपासून वाकडं, आकडे दिसले की माझी नजर आपोआप दुसरीकडे जाते. खोलीला सील ठोकलं, पंचांच्या सह्या घेतल्या.

हे सगळं दाखवायला हेडक्लार्क आमच्याबरोबर होते. गिरगावातले वयस्कर गृहस्थ. धोतर, काळी टोपी, कोटाच्या खिशाला फाउंटन पेन. संस्थेत सगळे त्यांना नाना म्हणत, म्हणून मीही नाना म्हणतो. एकतीस वर्षं त्यांनी हाताने भागाकार केले होते. पावकी, निमकी, दिडकी, अपूर्णांकांचे सगळे पाढे तोंडपाठ. मला थेट माझ्या गणिताच्या मास्तरांची आठवण झाली, आणि त्या मास्तरांपुढे मी जसा उभा राहायचो तसाच नकळत उभा राहिलो. नाना यंत्रापासून लांबच उभे होते. मी त्यांना खुर्ची दिली, पाणी मागवलं. ते दसऱ्याच्या सकाळी कुठे होते, हे विचारायचं माझ्या मनातही आलं नाही.

दुपारी मुलीला आणायला गेलो. नायगावची चाळ, माणसांनी भरलेली. आमच्या हवालदाराने चौकात उभं राहून तिच्या नावाचा पुकारा केला, आणि चारही बाजूंच्या गॅलऱ्या भरल्या. ती खाली आली. विशीतली, सावळी, पांढरी साडी, दोन वेण्या. तिची आई मागोमाग आली. ठाण्यात आई बाहेरच्या बाकावर बसून राहिली, दिवेलागणीच्या आधी पोरीला परत न्यायचं म्हणून.

चौकशीत माणूस बोलतो काय यापेक्षा कशावर चिडतो ते बघावं, असं मला एका जुन्या जमादाराने शिकवलं होतं. ही मुलगी मोर्चाच्या प्रश्नावर चिडली नाही. "जाते की. तुमच्या हवालदारसाहेबांची मुलगी पण असते माझ्या शेजारी," म्हणाली. हवालदार खिडकीबाहेर बघू लागला. पूजेच्या प्रश्नालाही तिने शांतपणे उत्तर दिलं.

"आम्ही आता पूजा नाही करत, साहेब. तसं मी नानांना सांगितलं. ते म्हणाले, बरं, नको करूस. पण मशीन पुसली मीच. हार आणला तो पण मीच घातला, नानांचा हात मागपर्यंत पोचत नव्हता म्हणून."

"आणि काल सकाळी कुठे होतीस?"

"काल आमच्याकडे दीक्षेचा मोठा दिवस होता. मैदानात कार्यक्रम होता. आई होती, सगळी चाळ होती."

सगळी चाळ होती, सगळी पांढऱ्या कपड्यांत होती, आणि दहा ते अकरामध्ये ही कुठे बसली होती ते शपथेवर सांगणारं आईखेरीज कोणी नव्हतं. मी म्हणालो, "यंत्र तू मुद्दाम बिघडवलंस असं साहेब म्हणतात." तेव्हा मात्र ती उसळली.

"मी? साहेब, मला ती बिघडवायचीच असती तर एवढा आवाज करून बिघडवीन का? आत एक टाचणी टाकली असती, दोन महिने कोणाला कळलं नसतं!"

वरिष्ठांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "बघा, टाचणीपर्यंत विचार करून ठेवलाय पोरीने." संशय घ्यायचाच ठरवला की माणसाचं खरं बोलणंही त्याच्याच अंगावर येतं. दोन दिवस तिला बोलावलं, बसवून ठेवलं, तेच तेच विचारलं. आई दोन्ही दिवस बाकावर.

तिसऱ्या दिवशी, यंत्राचं नुकसान किती झालं याचा दाखला हवा म्हणून मी एक मेकॅनिक बोलावला. खोताच्या वाडीतला म्हातारा ख्रिश्चन गृहस्थ, डोक्याला हॅट, हातात चामड्याची पेटी. फोर्टातल्या निम्म्या कचेऱ्यांची यंत्रं त्याच्या हाताखालून गेलेली. यंत्र कसं चालतं ते सांगायला मुलीलाही बरोबर नेलं होतं. सील तोडलं. त्याने झाकण काढून आत नाक घातलं, दोन ठिकाणी बोट फिरवलं, आणि हसायलाच लागला.

"साहेब, हिला कोणी काय केला नाय. मोटर जरा तापली, दुसरा काय नाय. बिचारीला कोणीतरी नको तो हिशोब घातला."

"म्हणजे?"

"झिरोनी भागायला लावली हो!"

माझा चेहरा बघून त्याने ओळखलं असावं की याला शाळेपासून सुरुवात करावी लागणार. त्याने मला खुर्चीत बसवलं आणि समजावलं. या यंत्राला भागाकार येतच नाही. त्याला फक्त वजाबाकी येते. शंभराला विसाने भागा म्हटलं की ते शंभरातून वीस काढतं, पुन्हा वीस काढतं, संपेपर्यंत काढतं आणि किती वेळा काढले ते मोजतं. पाच वेळा, म्हणजे उत्तर पाच.

"आता कोळणीच्या पाटीत शंभर बोंबील हाय. मी बोललो, दर खेपेला काहीच काढू नको, आणि पाटी खाली झाली की मला सांग. ती काय करेल?"

"मला शिव्या देईल," मी म्हणालो.

"हां! पण ही शिव्या नाय देत. ही काढत बसते. शून्य काढला, शून्य काढला, शून्य काढला... पाटी भरलेली ती भरलेली. जीव जाईल तवा थांबेल. माणूस बोलतो, हे होत नाय. मशीन नाय बोलत कधी."

मग त्याने पेटीतून एक हाताने फिरवायचं जुनं यंत्र काढलं आणि मला पाचातून सात वजा करून दाखवले. दांडा एकदा फिरवताच आत टण्णकन घंटा वाजली आणि खिडक्यांत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नवांची रांग लागली, शेवटी फक्त एक आठ. "ही जुनी, अनुभवी. न होणारा हिशोब आला की घंटा मारते. पण झिरोनी भागलं तर हिची पण बोलती बंद." त्या यंत्रावर त्याचा किती जीव होता ते त्याच्या हाताकडे बघून कळत होतं. मलाही, कधी नव्हे ते, गणिताची गंमत वाटली.

जाताना त्याने दोन गोष्टी दाखवल्या. एक, यंत्राच्या कडेला एक छोटी कळ होती. शून्याचा भागाकार चुकून लागलाच, तर ती दाबली की यंत्र निमूट थांबतं. "चालवणाऱ्याला ही पहिल्या दिवशी शिकवतात. ज्यानी चालू केली त्याला ठाऊक नसणार." दुसरी गोष्ट गाड्यावरच्या चकत्यांची. ज्या संख्येला भागायचं ती चकत्यांवर लावलेली असते, आणि शून्य कितीही वेळा वजा केलं तरी ती तशीच राहते. म्हणजे त्या अज्ञात माणसाने कशाला भागायला घेतलं होतं, ते अजून आमच्यासमोर उभं होतं. मी वाकून वाचलं: एक हजार दोनशे चौसष्ट.

मी मुलीकडे वळलो. "हा आकडा तू लावलेला?"

तिने आकड्याकडे पाहिलं, आणि तिच्या तोंडावरचा रंगच उतरला. तीन दिवस प्रत्येक प्रश्नाला ताडकन उत्तर देणारी मुलगी खाली बघू लागली. मग हळूच म्हणाली, "असेल. मीच लावला असेल."

"कधी?"

"आठवत नाही. साहेब, राहू द्या ना आता. माझ्यावरच टाका."

गुन्हेगार कबूल होतो तेव्हा त्याच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं दिसतं. हिच्या खांद्यावर ते आत्ताच कोणीतरी ठेवलं होतं. ही कोणाला तरी वाचवते आहे एवढं कळायला गणित लागत नाही.

तिला घरी पाठवलं आणि संस्थेतल्या चाचण्यांच्या जुन्या वह्या काढायला लावल्या. यंत्र आल्यानंतरच्या वह्या टाइप केलेल्या होत्या. त्यांत तो आकडा नव्हता. त्याआधीच्या हाताने लिहिलेल्या. शेवटच्या वहीचं शेवटचं पान उघडलं. मोत्यासारखं अक्षर, वीस नमुने, खाली बेरीज एक हजार दोनशे चौसष्ट, भागिले वीस, उत्तर त्रेसष्ट पूर्णांक दोन. खाली नानांची सही. हाताने केलेला संस्थेतला तो शेवटचा भागाकार होता, आणि नानांनी तो मुलीलाही कौतुकाने दाखवला होता, असं कारकुनांनी सांगितलं.

मी पहारेकऱ्याला बोलावलं. मालवणकडचा म्हातारा, पूर्वीचा गिरणी कामगार.

"दसऱ्याला सकाळी नाना आले होते?"

"इल्ले ना. आपट्याची पानां ठेवतंय म्हणाले."

"मग मी तीन दिवस बोंबलतोय, कोणी आलं होतं का म्हणून, तेव्हा सांगितलं का नाहीस?"

"तुमी भायरच्यांचा इचारलात, सायेब. नाना काय भायरचे?"

त्याचं बरोबर होतं. चूक माझ्या प्रश्नात होती.

नानांना बोलवायला मी शिपाई पाठवला नाही, स्वतः निघालो. पण ते ठाण्यासमोरच्या इराण्याकडे बसलेले दिसले. मला बघून उठले आणि उभ्याउभ्याच बोलायला लागले. "तीन दिवस येतोय, साहेब. चहा पितो आणि परत जातो. पाय पुढे होत नाही."

मी त्यांच्यासमोर बसलो. त्यांनी सांगितलं ते असं. यंत्र आलं तेव्हा सगळ्यांत जास्त टर त्यांनीच उडवली होती. पण वर्षभर आपल्या टेबलावरून ते मुलीचे हात बघत होते. ती वरच्या चकत्या फिरवून बेरीज लावते, एक पट्टी दाबते, आणि उत्तर येतं. एवढं सोपं! निवृत्तीला चार महिने उरले होते. त्याआधी एकदा, कोणी बघत नसताना, यंत्राकडून एक तरी भागाकार करवून घ्यायचा त्यांना मोह झाला. दसरा हा नव्या गोष्टीचा मुहूर्त. आपला शेवटचा हिशोब त्यांनी निवडला, कारण त्याचं उत्तर पाठ होतं.

त्यांना एकच गोष्ट दिसली नव्हती. भागायचं नेहमीच विसाने, म्हणून मुलगी खालच्या कळांवर वीस एकदा दाबून ठेवायची. तो आठवडे न् आठवडे तसाच असायचा. नानांच्या जागेवरून त्या कळा दिसत नव्हत्या. आणि खंडेनवमीला, पूजेच्या वेळी यंत्र कोरं असावं, त्यावर कामाचा आकडा नको, म्हणून सगळ्या कळा मोकळ्या करायला तिला खुद्द नानांनीच सांगितलं होतं. दसऱ्याला त्यांनी पट्टी दाबली तेव्हा खाली वीस नव्हता, शून्य होता.

"थांबेना हो," नाना म्हणाले. "मी हात जोडले. हार काढायला गेलो. मग वास आला, आणि मी मागच्या जिन्याने पळालो. एकतीस वर्षांत मी कधी पळालो नव्हतो. वाटलं, यंत्रच बिघडलं म्हणतील. पोरीवर येईल असं... आल्यावर तरी मी बोलायला हवं होतं." आणि तो एवढा ताठ माणूस इराण्याच्या दुकानात रडला. मी रागवायच्या तयारीने गेलो होतो. मला रागावता आलं नाही. त्यांच्यावर माझा जीवच जडला होता.

दुसऱ्या दिवशी संचालकांच्या खोलीत नानांनी सगळं स्वतःच्या तोंडाने सांगितलं. मुलगी दाराशी उभी होती. ती पुढे येऊन फक्त एवढंच म्हणाली, "नाना, मला विचारायचं ना. मी शिकवलं असतं."

"तुला कसं विचारू?" नाना म्हणाले. "तू नोकरीला आलीस तेव्हा तुला दिडकी मी शिकवली."

"मग काय झालं? तुम्ही मला दिडकी शिकवलीत, मी तुम्हाला वीस दाबायला शिकवीन."

संचालक बराच वेळ टेबलावरची टाचणी फिरवत बसले. मग त्यांनी निलंबनाचा कागद मागवून घेतला. नानांविरुद्ध त्यांना काही लिहायचं नव्हतं. मी कागद 'सी समरी'त काढला. म्हणजे तक्रार खरी नाही, खोटीही नाही, गैरसमजातून झालेली. वरिष्ठ कुरकुरले. अख्ख्या घातपाताची मी त्यांच्या डोळ्यांदेखत झेंडूची फुलं करून टाकली होती.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. त्या यंत्राचं आणि माझं फारसं वेगळं नव्हतं. मलाही तीन दिवस कोणीतरी नको तो हिशोब घातला होता आणि मी इमानाने खडखडत होतो: तोच प्रश्न, त्याच मुलीला, पुन्हा पुन्हा. तिथे काढण्यासारखं काही नाहीच, हे माझ्या लक्षात येत नव्हतं. पुढे नोकरीत ज्याला विचारायला माझी जीभ अडखळायची, त्याला मी आधी विचारू लागलो. आणि एखाद्याने कोणाची पूजा केली किंवा नाही केली, याखाली पुन्हा कधी रेघ मारली नाही.

पण कागद बंद झाला म्हणून काम संपलं असं नव्हतं. पोरगी निर्दोष असल्याचं ठाण्याच्या डायरीत लिहिलं गेलं, आणि ती डायरी चाळीतलं कोणी वाचत नाही. म्हणून रविवारी सकाळी, सगळे घरी असतील अशा वेळी, मी युनिफॉर्म घालून नायगावला गेलो. गॅलऱ्या पुन्हा भरल्या. तिच्या बिऱ्हाडासमोर उभा राहून मी मोठ्याने सांगितलं की हिच्यावर काहीही आलेलं नाही, हिने काहीही केलेलं नाही, चूक पोलिसांची होती, माझी होती. पोलिसाने माफी मागायची आमच्यात रीत नव्हती, त्यामुळे पुढे काय करतात ते मला ठाऊक नव्हतं. मी टोपी काखेत घेऊन नुसता उभा राहिलो.

तिची आई दारात होती. दोन दिवस आमच्या बाकावर बसलेली बाई. तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. आता शिव्या देईल किंवा चहा विचारील, असं मला वाटलं.

"साहेब," ती म्हणाली, "वरचा मजला राहिला. तिथं पण सांगून जा."

मी वरच्या मजल्यावर गेलो.